बदलापूर, दिवसाउजेडी

बदलापुरात सूर्य पश्चिमेला उगवतो. थट्टा करत नाही. आपल्याकडे स्टेशनाची पूर्व-पश्चिम ही रुळांच्या दोन बाजूंची नावं असतात आणि ती मुंबईकडून चालत आलेली असतात. कल्याणला रुळांना दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याला जातो, दुसरा आमच्याकडे, कर्जतच्या दिशेला वळतो. रूळ वळले, नावं काही वळली नाहीत. इथे गाडी सरळ आग्नेयेला पळते, त्यामुळे आम्ही ज्याला पूर्व म्हणतो ते कुळगाव, कात्रप, शिरगाव खरं तर नैऋत्येला आहे. आणि पश्चिम म्हणजे बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा, बदलापूर गाव, हे सगळं ईशान्येला. मे-जूनमध्ये सकाळचं ऊन पश्चिमेकडून, बारवी धरणाच्या अंगाने येतं. डिसेंबरात सूर्य बुडतो तो पूर्वेतल्या डोंगरांआड.

आमच्या सासूबाईंना हे पहिल्यापासून ठाऊक. कुरडया कुठल्या कठड्यावर घालायच्या, दहानंतर त्या कुठे सरकवायच्या, सगळं त्यांना पाठ. मी 1999 साली लग्न होऊन परळहून इथे आले तरी मला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी अंधारात घर सोडायचे आणि अंधारात परत यायचे. माझं बदलापूर म्हणजे फलाट, रिक्षाची रांग आणि रात्री साडेआठला उघडी असलेली दुकानं. रविवारी दिवसाउजेडी घरी असायचे, पण रविवार धुण्याचा आणि दळणाचा.

परळला आजही विचारतात, "एवढ्या लांब कशी गं राहतेस?" लांब कुठून, ते कोणी बोलत नाही. सीएसएमटीपासून 68 किलोमीटर. आमच्या चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गिरणी संपानंतर अशीच एकेक करत लाइनीने पुढे सरकली. डोंबिवली परवडेना म्हणून अंबरनाथ, तेही परवडेना म्हणून बदलापूर. आता इथेही परवडत नाही, तर लोक वांगणी-नेरळला जागा बघतात. 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेलं हे गाव आता किती झालंय, ते सकाळच्या फलाटावर उभं राहिलं की आपोआप कळतं.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं निम्मं सामाजिक जीवन तिथेच होतं.

सकाळच्या गाड्या दोन जातीच्या. इथून सुटणाऱ्या आणि कर्जत-खोपोलीहून भरून येणाऱ्या. सुटणाऱ्या गाडीत आरामात जागा मिळत असेल असं बाहेरच्यांना वाटतं. ती गाडी आधी मुंबईकडून इथे यायची असते, आणि येताना अंबरनाथच्या बायका तिच्यात उलट्या बसून आलेल्या असतात. याला रिटर्न मारणं म्हणतात. आम्ही फलाटावरून त्यांच्याकडे बघत चडफडतो. आणि आमच्यातल्याच काहीजणी कर्जत गाडीत खिडकी मिळावी म्हणून वांगणीला रिटर्न मारायला जातात, तेव्हा वांगणीच्या बायका चडफडतात. हा व्यवहार कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना मान्य आहे.

संध्याकाळी वेगळं शास्त्र. लेडीज डब्यात चढलं की आधी बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे?" ती म्हणाली "ठाणा", तर लगेच "मग मला हां". तिची जागा आता माझी, आणि माझ्या मागून आलेलीला मी सांगायचं की ठाण्याची गेली, त्या निळ्या ओढणीवाल्या कल्याणच्या आहेत, त्यांना विचारा. हे बुकिंग कोणी मोडलं तर जे भांडण होतं ते कल्याणपर्यंत सहज पुरतं. डोंबिवलीला उतरणारी बाई कर्जत गाडीत चढली की तिला दारातून आत कोणी सोडत नाही. मला हे कधी आवडलं नाही. तिचीही गाडी रद्द झालेली असते, तिलाही पोर पाळणाघरातून आणायचं असतं. पण बाजूला उभं राहून शहाणपण शिकवायची ती जागा नव्हे, हेही तितकंच खरं.

आमचा गट ठरलेल्या डब्यातला, ठरलेल्या दाराचा. मटार सोलणं, मेथी निवडणं, दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगणं, कोणाच्या मुलीला स्थळ आलं तर तो मुलगा ज्या गाडीने जातो त्या गाडीतल्या ओळखीकडून चौकशी करणं, सगळं तिथेच. एकीचं डोहाळजेवण आम्ही ठाणे ते भायखळ्याच्या दरम्यान उरकलं. गजरे होते, कापण्या होत्या, ओटी होती, फक्त पाळणा नव्हता. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. दसऱ्याला डब्याच्या दाराला झेंडूचं तोरण, हार, नारळ, आणि मोटरमनला पेढे. शेजारच्या जनरल डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ मधल्या पत्र्यातून ऐकू यायचे. ज्यांना झोपायचं असे ते वैतागायचे, आणि मी त्या झोपणाऱ्यांपैकी.

गंमत म्हणजे या बायकांची आडनावं आम्हाला माहीत नसायची. एका ताईंचं आडनाव मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी केक कापताना कळलं. माझ्या मोबाइलमध्ये त्या अजूनही 'खिडकीवाल्या ताई' आहेत.

ऑगस्ट 2022 मध्ये एसी लोकलवरून इथल्या स्टेशनात लोक जमले होते, ते बातम्यांत आलं होतं. साध्या फेऱ्यांच्या वेळेला एसी गाड्या आल्या आणि साध्या पासवाल्यांनी जायचं कसं, हा साधा प्रश्न होता. काही दिवसांत त्या फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र आम्हाला गारवा सोसत नाही की काय, अशा थाटात बोलत होते. गारवा हवाच आहे. पासाचे पैसे पगारातून जातात एवढंच.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्यांना परवानगी मिळाली, पण माझं काम मस्जिद बंदरच्या एका कचेरीत हिशेब लिहिण्याचं, त्यात अत्यावश्यक काहीच नाही. सर्वसामान्यांना फेब्रुवारी 2021 उजाडला. तोवर शेठने संगणक घरी पाठवून दिला होता. आताही आठवड्यातले निम्मे दिवस मी घरूनच काम करते. म्हणजे लग्नानंतर वीसेक वर्षांनी मी सकाळी अकरा वाजता बदलापूर कसं दिसतं ते पाहिलं.

सकाळी अकराचं बदलापूर म्हाताऱ्यांचं आणि बाजारातल्या बायकांचं असतं. गाडीतली माणसं निघून गेली की रस्ते रुंद होतात. रिक्षावाले पेपर वाचतात. ग्रंथसखा वाचनालयाबद्दल मी ऐकून होते, इतकी मराठी पुस्तकं आणि जुने, दुर्मिळ अंक एका गावात जमवलेले आहेत म्हणून मुंबईहून लोक इथे येतात. मी मात्र इथली असून कधी फिरकले नव्हते. आणि डोंगर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका आणि ताहुलीची रांग दिसते. मधे एक टॉवर उभा राहिला आहे, तो वगळून पाहायचं. त्या टॉवरच्या जाहिरातीत 'डोंगरदऱ्यांच्या कुशीत' असं लिहिलं होतं आणि 'स्टेशनपासून 5 मिनिटांवर' असंही. दोन्ही खरं करायचं तर माणसाने मोटारसायकलवरून उडी मारत जायला हवं.

खरी मजा मेच्या शेवटापासून. कोंडेश्वरच्या बाजूच्या वाड्यांवरून ठाकूर बायका रानभाज्यांच्या पाट्या घेऊन उतरतात आणि बाजाराच्या कडेला, दुकानांच्या पायऱ्यांखाली ओळीने बसतात. एक पाऊस पडून गेला की शेवळं. मग कुलू, टाकळा, भारंगी, कोरल, पुढे कंटोळी. बाजारात काय आलंय यावरून आमच्याकडे पावसाचा महिना सांगता येतो. मी परळची, आमच्याकडे भाजी म्हणजे मेथी, पालक, माठ आणि फरसबी. आमच्या सासूबाई सीकेपी. त्यांच्यासाठी शेवळाला जो नाक मुरडतो तो माणूस जरा कमीच.

शेवळं दिसायला अजिबात बरी नाहीत. तपकिरी-जांभळे लांब कोंब, वर पान गुंडाळल्यासारखं आवरण. ते आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, कारण खाज त्याच्यातच. उरलेलं बारीक चिरायचं आणि तेलावर चांगलं परतायचं. पण खरी किल्ली म्हणजे काकडं. आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं, शेवळाच्याच पाटीत कोपऱ्यात असतात. ती ठेचून त्यांचा रस गाळून घालायचा. त्याशिवाय भाजी केली तर घसा दोन दिवस बोलू देत नाही. काहीजण चिंचेवर भागवतात. सासूबाईंच्या मते ती पळवाट.

गेल्या वर्षी मी घाईत शेवळं घेऊन निघाले तर विकणारीने मागून हाक मारली.

"ओ ताई, काकडं नको का?"

"घरी चिंच आहे."

"चिंचंनं नाय भागत. घ्या दोन, पैसं नका देऊ. घसा धरला तर मलाच शिव्या द्याल."

घरी आल्यावर हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बघ, तिलाही कळतं." मग कोळंबी घालून, वाटणात भाजलेलं सुकं खोबरं, वरून गरम मसाला. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातले तरी चालतात. वाल घातले तर श्रावणातही चालतं, पण श्रावणापर्यंत शेवळं राहतात कुठे.

या सगळ्याच्या मधून उल्हास वाहते. नदी राजमाचीच्या खालून निघते, कर्जतवरून आमच्याकडे येते आणि पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात कोकणातल्या बऱ्याच नद्या खडक दाखवायला लागतात तेव्हाही उल्हासला पाणी असतं. त्याचं कारण वर घाटमाथ्यावर आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून खाली येतं, पेज नदीत पडतं आणि पेजेतून उल्हासला. हे वीजघर 1922 पासूनचं. एरवी भीमेला मिळून पंढरपूरला गेलं असतं ते पाणी आमच्या बॅरेज बंधाऱ्यावर उचललं जातं आणि आमच्या नळाला येतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी नळाकडे जरा आदराने पाहिलं. नळाला पाणी यायची वेळ मात्र त्याने सुधारली नाही.

पावसाळ्यात हीच नदी घरातल्या माणसासारखी वागते, म्हणजे तिच्या मूडवर सगळ्यांचा दिवस. इशारा पातळी 16.50 मीटर, धोक्याची 17.50. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. जुलैमध्ये रात्री सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच विषय: "आता किती?" "15.90." "कर्जतला पाऊस आहे का?" "बारवी भरली का?" माझी नणंद पश्चिमेला राहते, तळमजल्यावर. 26 जुलै 2005 ला तिच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. तेव्हापासून तिच्याकडे गव्हाचा डबा माळ्यावर असतो, फ्रीज विटांच्या चौथऱ्यावर, आणि महत्त्वाची कागदपत्रं आमच्याकडे पूर्वेला. पाणी वाढायला लागलं की त्यांच्या सोसायटीतल्या स्कूटर आणि गाड्या उड्डाणपुलावर रांगेने नेऊन लावतात. नणंद इतकी सरावली आहे की फोन करून आधी विचारते, "वहिनी, भात जरा जास्त लावशील का?" मग कळतं की पाणी कंपाउंडमध्ये आलं.

27 जुलै 2019 ला ती मंडळी आमच्याकडेच होती. टीव्ही लावला तर महालक्ष्मी एक्सप्रेस चामटोलीजवळ, म्हणजे बदलापूर आणि वांगणीच्या मधे, चहूकडून पाण्यात उभी. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी. हजारावर माणसं आत. आजूबाजूच्या गावांतले लोक, एनडीआरएफच्या बोटी, नौदलाची हेलिकॉप्टरं. ती माणसं बाहेर काढून इथे बदलापुरात एका मंगल कार्यालयात आणली. सगळा देश त्या दिवशी आमच्या गावाचं नाव घेत होता आणि नणंद म्हणत होती, "ह्यांना आज कळलं इथे नदी आहे ते." तिच्या बोलण्यात कडवटपणा होता, आणि तो चुकीचा नव्हता. पूररेषेच्या आत इमारती उभ्या राहिल्या. ती घरं विकताना नदी 'रिव्हर व्ह्यू' होती.

उन्हाळ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन्हीकडे डोंगर, समुद्रावरचा वारा इथे पोचेपर्यंत दुपार कलते. पारा चाळिशी सहज ओलांडतो. दुपारी रस्त्यावर फक्त कुल्फीवाला आणि परीक्षा संपलेली पोरं. थंडीत मात्र याची भरपाई होते. जानेवारीच्या पहाटे फलाटावर बायका खऱ्याखुऱ्या स्वेटरमध्ये असतात, आणि तीच गाडी दादरला पोचेपर्यंत ते स्वेटर पिशवीत गेलेले असतात.

फ्लॅटमधलं बदलापूर आणि गावातलं बदलापूर अजून पुरतं एक झालेलं नाही. आमच्या मागच्या बाजूला जुनं गाव आहे. आगरी आणि कुणबी घरं, दारात ट्रॅक्टर, काहींकडे अजून बैल. शर्यतीचे बैल असले की त्यांचा थाट माणसांपेक्षा जास्त. त्यांच्याकडच्या लग्नात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. गेल्या वर्षी मला आमंत्रण होतं, कारण त्यांच्या सुनेचं आयकर विवरण मी भरून देते. संध्याकाळी धवला गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, एका सुरात, लांबलचक, देवांना एकेक करून मांडवात बोलावणाऱ्या. मी त्यांच्याजवळ बसून घेतलं. नवरीची आजी शेजारी होती. तिने मला सांगितलं की आता दोन-तीनच धवलारणी राहिल्या आहेत आणि त्यांच्या तारखा लग्नाच्या हॉलच्या आधी घ्याव्या लागतात. मग नऊ वाजता डीजे सुरू झाला आणि माझ्या छातीत ठोके त्याच्या तालावर पडायला लागले. त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी "किती हा त्रास" असं लिहिलं. ज्यांच्या शेतावर आपली सोसायटी उभी आहे त्यांच्या घरचं लग्न होतं, हे मी टाइप केलं आणि पाठवलंही. दोन दिवस ग्रुप शांत होता. आवाज कमी असता तर बरं झालं असतं, हे माझंही मत आहे, ते मी यजमानांना तोंडावर सांगितलं. ते हसले आणि अजून एक मच्छीची वाटी वाढली.

आता बातम्या येतात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, मधे चिखलोलीला नवं स्टेशन, कांजूरमार्गहून मेट्रो. मुंबई-वडोदरा महामार्गाचा बोगदा माथेरानच्या डोंगराखालून काढलाय, त्याने पनवेल जवळ येणार म्हणतात. आमच्या गटातल्या बायका या बातम्या वाचतात आणि म्हणतात, आधी सकाळी एक गाडी वाढवा. मीही त्याच मताची.

आणि जांभळं. ती सांगायची राहिली. बदलापूरच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एरंजाड, सोनिवलीच्या बाजूला जुनी झाडं आहेत, त्यांची फळं मोठी, गर जास्त, बी लहान. पाऊस लवकर आला तर सगळं झाडाखाली सांडतं, म्हणून हंगाम थोड्याच दिवसांचा. मानांकनानंतर भाव वाढले, पण पळसाच्या पानात बांधून देणारी एक मावशी पश्चिमेला स्टेशनबाहेर बसते, तिच्याकडे अजून वाजवी मिळतात.

तर परळकरांनो आणि दादरकरांनो, यायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात या, शेवळं आणि जांभळं दोन्ही सापडतील. सकाळी उलट्या दिशेला गाडी रिकामी असते, बसायला मिळेल. कर्जत पकडलीत तरी चालेल, पण फास्ट पाहून घ्या. जांभळांसाठी डबा आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती मुलुंडपर्यंत पण टिकत नाहीत. परतीला चारच्या आधी निघा. आणि येताना आमच्या सासूबाईंसाठी दादरहून सोडे घेऊन या, इथे मिळतात ते त्यांना पसंत नाहीत.